‘मात्रा’ या संज्ञेचे अर्थ आणि आंदर मावळातील जात्यावरची ओवी

सारांश : ‘मात्रा’ हा शब्द मराठीत मापन, लेखन, वैद्यक, संगीत आणि छंदःशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत रूढ आहे. छंदोविचारात तो बहुतांशी लिहिलेल्या अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाशी बांधला गेला. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील आंदर मावळात जात्यावर गायिल्या जाणाऱ्या ओवीला हे माप लावले, तर ओवी सदोष ठरते. हा दोष ओवीचा नसून मापाच्या अर्थसंकोचाचा आहे आणि ‘मात्रा’ या शब्दाचा मूळचा कालवाचक अर्थ जागा केल्यास तोच शब्द या ओवीच्या समीक्षेला उपयोगी पडतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : मात्रा, लघु-गुरू, छंद, ओवी, गळा, फेरा, आंदर मावळ.

१. प्रास्ताविक

स्त्रियांच्या ओव्यांविषयी लिहिताना एक अभिप्राय थोड्याफार फरकाने वारंवार व्यक्त होतो. या ओव्यांत भाव उत्कट आहे, अनुभव अस्सल आहे. परंतु रचना सैल आहे आणि मात्रा कमी-अधिक होतात, असे म्हटले जाते. हा अभिप्राय कौतुकाच्या सुरात दिलेला असला, तरी त्याच्या पोटी एक निवाडा दडलेला असतो. भावनेचे श्रेय गाणारीला द्यायचे आणि कलेचे श्रेय नाकारायचे, असा तो निवाडा आहे. कवीला मापाचे ज्ञान असते आणि जात्यावर बसलेल्या बाईला ते नसते, हे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून हे माप कोणते, ते कोणत्या वस्तूसाठी घडले आणि ओवीला ते लागू पडते काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

या विचारासाठी आंदर मावळाचा परिसर विशेष उद्बोधक आहे. मावळ तालुक्यात पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ असे विभाग लोकव्यवहारात मानले जातात. त्यांपैकी आंदर मावळ हे आंद्रा नदीचे खोरे होय. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, वडेश्वर या गावांकडे जाणारा रस्ता या खोऱ्यातून सह्याद्रीच्या धारेपर्यंत पोहोचतो. आंद्रा पुढे इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी देहू व आळंदी या क्षेत्रांवरून वाहते. म्हणजे ज्या नदीच्या काठी तुकोबांचा अभंग आणि ज्ञानदेवांचे स्मरण नांदते, तिच्याच वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, जात्यावरच्या ओवीची परंपरा नांदली. खालच्या काठाची रचना ग्रंथात गेली आणि तिचे छंदःशास्त्र सिद्ध झाले. वरच्या काठाची रचना दीर्घकाळ गळ्यातच राहिली. दोहोंना एकच माप लावावे काय, हा प्रश्न या भूगोलातूनच समोर उभा राहतो.

२. ‘मात्रा’ : व्युत्पत्ती आणि अर्थविस्तार

‘मा’ म्हणजे मोजणे या संस्कृत धातूपासून मात्रा, मान, प्रमाण, परिमाण, मिती असे अनेक शब्द सिद्ध झाले. ‘उपमा’ हा साहित्यशास्त्रातील शब्दही याच धातूचा आहे. एका वस्तूजवळ दुसरी वस्तू ठेवून मोजणे हा त्याचा मूलार्थ. अंतर मोजण्याचे आणि रिक्षाचे भाडे सांगणारे ‘मीटर’ हेदेखील दूरच्या नात्याने याच कुळातले. गझल लिहिणारे मराठी कवी ‘ओळ मीटरमध्ये बसते का’ असे विचारतात, तेव्हा युरोपमार्गे आलेला हा शब्द आपल्या जुन्या भावंडांच्या शेजारी येऊन बसलेला असतो.

मराठी व्यवहारात ‘मात्रा’ शब्दाच्या अर्थच्छटा विविध आहेत. शाळेत काना, मात्रा, वेलांटी शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ. वैद्याच्या दृष्टीने मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून चाटवण्याचे औषध. हेमगर्भाची मात्रा ही शेवटच्या क्षणाशी जोडली गेलेली असल्याने तिचा उल्लेखही घरातल्यांना धसका देणारा असे. ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ हा वाक्प्रयोग याच औषधी अर्थातून आला. तबलजीच्या दृष्टीने मात्रा हा तालाचा कालघटक आहे. दादऱ्याच्या सहा, झपतालाच्या दहा, तीनतालाच्या सोळा. ‘मात्र’ हे रूप तर मर्यादा आणि समग्रता असे दोन्ही अर्थ दाखवते. ‘नाममात्र’ म्हणजे केवळ नावापुरते, परंतु ‘प्राणिमात्र’ म्हणजे सगळेच प्राणी.

या अर्थांत एक समान सूत्र आहे. मात्रा म्हणजे निश्चित केलेला अंश. परंतु तो अंश कशाचा, हे क्षेत्रागणिक बदलते. वैद्यकात तो द्रव्याचा, लिपीत चिन्हाचा, संगीतात काळाचा. छंदःशास्त्रातील मात्रा मुळात काळाची होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ऱ्हस्व स्वराच्या उच्चाराला लागणारा वेळ ती एक मात्रा, दीर्घाला दोन, प्लुताला तीन आणि व्यंजनाला अर्धी, असा जुना संकेत आहे. शिक्षाग्रंथांच्या परंपरेत हा वेळ सांगण्यासाठी पक्ष्यांच्या हाकांचा आधार घेतलेला आढळतो. चाष पक्ष्याची हाक एका मात्रेची, कावळ्याची दोन मात्रांची, मोराची तीन मात्रांची. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत यांचे लक्षण ‘उ’काराच्या तीन उच्चारांनी केले आहे आणि त्याचा संबंध परंपरा कोंबड्याच्या आरवण्याशी जोडते. मापाचा हा आधार कानाचा होता, लिपीचा नव्हता. पहाटे कोंबडे आरवल्यावर जात्यावर बसणाऱ्या स्त्रीला हे माप परके वाटले नसते.

मावळच्या भातशेतीच्या व्यवहारातही मापाविषयीचा असाच एक धडा आहे. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्य मोजण्याची मापे आकारमानाची होती. चार शेरांची एक पायली. परंतु माप सपाट भरायचे की शीग लावून, यावर दिलेल्या धान्याचा हिशेब बदलत असे. मापाच्या काठावर चढलेली धान्याची निमुळती रास म्हणजे शीग. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रयोग तिच्यावरूनच आला. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि शिगेचा प्रश्न बाजारातून मागे पडला. परंतु ज्या व्यवहारात शीग मान्य होती, त्या व्यवहारात काठावरचे धान्य ‘चुकून जास्त पडलेले’ नव्हते. ते मापाच्या रीतीचाच भाग होते. ओवीच्या विचारात हा दृष्टान्त पुढे उपयोगी पडेल.

३. मराठी छंदोविचारातील मात्रा

संस्कृत परंपरेत अक्षरांचा क्रम निश्चित असणारी वृत्ते आणि एकूण मात्रासंख्या निश्चित असणाऱ्या रचना असा भेद प्राचीन आहे. आर्या हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. तिच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. मराठीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ही रचना असामान्य प्रभुत्वाने हाताळली. तेथे मात्रा मोजणे हे यथार्थ माप आहे, कारण रचनाच त्या मापाने सिद्ध झालेली आहे.

मराठी पद्यरचनेचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण माधव त्रिंबक पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात केले. १९२७ साली प्रथम आणि १९३७ साली विस्तारित रूपात आलेल्या या ग्रंथाने वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग स्थिर केले. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची संख्या ठरलेली आणि छंदात अक्षरांची संख्या ठरलेली. ओवी आणि अभंग हे छंद होत. छंदात लघु-गुरूंचा भेद मानायचा नाही, तर प्रत्येक अक्षर सारख्याच लांबणीने, गुरूप्रमाणे उच्चारायचे, ही त्यांची उपपत्ती मराठी छंदोविचाराला मिळालेली मोलाची देणगी आहे. या उपपत्तीमुळे ओवी-अभंगांना ‘बिघडलेली वृत्ते’ समजण्याचे कारण उरले नाही. पुढे ना. ग. जोशी यांनी ‘मराठी छंदोरचना’ (१९५५) या ग्रंथात सर्व रचनाप्रकारांचा लयीच्या अंगाने पुनर्विचार केला आणि आवर्तनाला, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या कालखंडाला, केंद्रस्थान दिले.

असे असूनही ‘मात्रा कमी-अधिक होतात’ हा अभिप्राय का टिकून राहिला? याचे एक कारण अध्यापनाच्या सवयीत आहे. अक्षरांवर लघु-गुरूंच्या खुणा करून गण पाडणे हा शालेय अभ्यासाचा परिचित भाग असल्याने पद्याची परीक्षा म्हणजे खुणांची बेरीज, अशी समजूत रुजली. वस्तुतः मात्रावृत्तांतही ही बेरीज केवळ डोळ्यांनी होत नाही. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानायचे, हा नियम ‘सत्य’ या शब्दात खरा ठरतो. तेथे ‘स’ गुरू होतो. परंतु ‘तुझ्या’ या शब्दात ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. मराठी छंदोविचाराने हा अपवाद मान्य केलेला आहे. याचा अर्थ असा, की कागदावर सारखी दिसणारी दोन जोडाक्षरे कानाला वेगळी ऐकू येतात आणि शेवटचा निर्णय कानच देतो. नागर काव्याच्या बाबतीत कानाला दिलेला हा अधिकार लोकगीताच्या बाबतीत मात्र काढून घेतला जातो.

४. ‘दळण’ आणि ‘जाते’ : एक पडताळा

हा मुद्दा दोन साध्या शब्दांच्या आधारे स्पष्ट करता येईल. ‘दळण’ आणि ‘जाते’ हे ओवीच्या जगातलेच शब्द आहेत. लघु-गुरूंच्या हिशेबाने ‘दळण’ या शब्दात तीन लघु, म्हणजे तीन मात्रा होतात. ‘जाते’ या शब्दात दोन गुरू, म्हणजे चार मात्रा. या मापाने ‘जाते’ मोठे आणि ‘दळण’ लहान. आता छंदाचे माप लावले, तर प्रत्येक अक्षर दोन मात्रांचे होते. ‘दळण’ सहा मात्रांचे आणि ‘जाते’ चार मात्रांचे ठरते. म्हणजे दोन मापांनी लहान-मोठेपणाचा क्रमच उलटला.

ओवीत एखाद्या ठिकाणी ‘दळण’ येते आणि पुढच्या ओवीत त्याच ठिकाणी ‘जाते’ येते, तेव्हा गाणारी स्त्री सहज ‘जाते गं’ म्हणते. छंदाच्या हिशेबाने ‘जाते गं’ ही तीन अक्षरे, म्हणजे सहा मात्रा, ‘दळण’च्या बरोबरीचे. जी जागा रिकामी होती ती भरली गेली. परंतु लघु-गुरूंच्या हिशेबाने पाहणाऱ्याला ‘दळण’ तीन मात्रांचे आणि ‘जाते गं’ सहा मात्रांचे, म्हणजे नेमके दुप्पट दिसते. तो ‘गं’ला पादपूरणार्थक, निरर्थक अक्षर समजतो. संग्रह छापताना तो ते गाळतोही. ज्या अक्षराने माप पूर्ण केले, तेच अक्षर मापाच्या नावाखाली काढून टाकले जाते. ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ अशा शब्दांच्या वाट्याला हे वारंवार येते. वास्तविक त्यांचे कार्य दुहेरी आहे. ते जागा भरतात आणि समोर बसलेल्या किंवा मनात असलेल्या व्यक्तीला हाक मारतात. ओवी ही कुणाला तरी सांगितलेली असते, आणि तो सांगण्याचा सूर याच शब्दांत असतो.

उच्चाराचाही एक प्रश्न येथे उपस्थित होतो. मराठीत ‘घर’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरे येतात, परंतु बोलताना शेवटच्या ‘र’मधला अकार लोपतो. ओवीत तोच शब्द चरणाच्या अखेरीस आला, तर लोपलेला अकार पुन्हा प्रकट होतो आणि सुरावर लांबतो. लिहिलेले घर, बोललेले घर आणि गायिलेले घर यांचे काल वेगवेगळे असतात. त्यात १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा सर्वसाधारण संकेत स्थिर केला. संग्राहक या नियमाने ओवी लिहितो आणि समीक्षक त्या लेखनावरून मात्रा मोजतो. अशा वेळी मोजली गेलेली मात्रा गाणारीच्या गळ्यातली नसून लेखननियमातली असते.

५. फेरा, श्वास आणि गळा

तथापि केवळ अक्षरसंख्या मोजूनही जात्यावरची ओवी पूर्णपणे हाती लागत नाही. ग्रंथगत ओवीत, उदाहरणार्थ १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या ओवीत, साडेतीन चरणांची चौकट आहे. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड. परंतु त्या चौकटीतही चरणांची अक्षरसंख्या काटेकोर नाही. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात जात्यावर गायिली जाणारी ओवी लिहिताना बहुधा दोन ओळींची होते. प्रत्येक ओळ मध्ये विसावते आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक जुळते. या ओळींची अक्षरे मोजली, तर ती नेहमी सारखी भरत नाहीत. एका ओळीत दोन अक्षरे अधिक, दुसरीत एक कमी, असे चालते. तरीही गाताना ओळ अडत नाही. याचे कारण माप अक्षरांत नसून अन्यत्र आहे.

ते माप प्रथम जात्याच्या फेऱ्यात आहे. खुंट्याला धरून वरची तळी ओढताना हात एकदा अंगाजवळ येतो आणि एकदा दूर जातो. या ये-जा करण्यातून एक नियमित कालखंड निर्माण होतो. दोघी जणी समोरासमोर बसून दळत असतील, तर तो दोघींच्या बळाने सांधला जातो. मुठीने घास घालण्याच्या क्षणी लय किंचित सैल होते. दाणा कसा आहे, पीठ बारीक हवे की भरड, जाते जड आहे की हलके, यावर फेऱ्याची गती ठरते. अधिक अक्षरे आली, तर ती त्याच फेऱ्यात जवळ जवळ बसतात. कमी आली, तर शेवटचा स्वर लांबून जागा भरतो. सपाट मापाच्या दृष्टीने ही अक्षरे ‘जास्त’ आहेत. शिगेच्या मापात ती रीतीला धरून आहेत.

दुसरे माप गळ्याचे. जात्यावर गाणाऱ्या स्त्रिया चालीला ‘गळा’ म्हणतात, ही बाब अर्थपूर्ण आहे. एका गळ्यावर अनेक ओव्या गायिल्या जातात आणि एकच ओवी वेगवेगळ्या गळ्यांवर चढते. शब्द आणि चाल यांचे नाते एकास एक नाही. शब्दरचनेत मात्रांचा ठरीव साचा असता, तर तो साचा विशिष्ट चालीशीच बांधला गेला असता. येथे उलट आहे. शब्दांत लवचीकपणा आहे, म्हणूनच ते कोणत्याही गळ्यात बसतात. ज्याला सैलपणा म्हटले जाते, ती या रचनेची अट आहे.

तालशास्त्राने ‘मात्रा’ शब्दाचा हा अर्थ कधीच गमावला नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर अभंग म्हणताना एका मात्रेत दोन अक्षरेही येतात आणि एक अक्षर दोन-तीन मात्रांवर पसरते. त्यामुळे अभंगाच्या मात्रा चुकल्या असे कोणी भजनकरी म्हणत नाही. तेथे मात्रा म्हणजे काळाचा अंश, अक्षराचे वजन नव्हे. देहू-आळंदीच्या वाटेवरच्या भजनाला जो अर्थ लागू होतो, तो आंदर मावळातल्या जात्याला नाकारण्याचे कारण नाही. ‘वृत्त’ या संज्ञेचाही येथे विचार व्हावा. ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे. वृत्त म्हणजे वर्तुळही. जी रचना प्रत्यक्ष वर्तुळात फिरणाऱ्या दगडावर घडली, तीच ‘वृत्त’ या संज्ञेच्या शास्त्रीय कक्षेबाहेर राहिली, हा संज्ञांच्या इतिहासातील विपर्यास होय.

या परंपरेचे प्राचीनत्वही लक्षणीय आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. कांडण हे विशेषतः भाताच्या प्रदेशाचे काम. आंदर मावळासारख्या भातखाचरांच्या मुलखाला तो उल्लेख सहज लागू पडतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवीची ओळख श्रमाशी जोडून झाली होती. ग्रंथगत ओवी ही श्रमाच्या ओवीची विकसित शाखा असेल, तर मूळ शाखेचे माप तिच्यावरून ठरवणे कालक्रमालाही धरून नाही.

६. संकलन आणि लेखन यांचा प्रश्न

साने गुरुजी, सरोजिनी बाबर आदींनी स्त्रीगीतांचे जे संकलन केले, त्यामुळे ओवी वाचकांपर्यंत पोहोचली. हे ऋण मोठे आहे. परंतु छापील पानावर ओवीचे शब्दच तेवढे उतरतात. गी प्वातव्हाँ (१९३४–२००४) आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीसारख्या डोंगरी भागात आणि पुढे महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्यांचे जे कार्य उभे केले, त्याचे वेगळेपण येथे जाणवते. या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा ठेवा लोकांसमोर आणण्यास प्रारंभ केला. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदण्याची पद्धत या कार्यात पाळली गेली. ‘अनामिक लोकप्रतिभा’ या ढोबळ कल्पनेला तिने दिलेले हे उत्तरच आहे.

या दोन प्रकारच्या नोंदींची तुलना केली, म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते. विजेच्या गिरणीने जाते मागे टाकले. पहाटेचा दळणाचा तास गेला आणि त्याबरोबर स्त्रीच्या देहावरचा एक कठोर भारही उतरला. त्याबद्दल हळहळ व्यक्त करणे अन्यायाचे होईल. परंतु श्रम संपला तशी त्या श्रमातून जन्मलेली मापनाची रीतही संपत चालली. फेऱ्यावर गाण्याचा अनुभव असलेल्या स्त्रिया आता उतारवयात आहेत. पुढच्या पिढीच्या हाती ओवी प्रामुख्याने कागदावर येईल. कागदावर ती ‘गं’ आणि ‘बाई’ वगळून, ऱ्हस्वदीर्घ नियमानुसार सुधारून आली, तर पुढचा समीक्षक तिच्या मात्रा मोजून ती सदोष असल्याचे प्रामाणिकपणे सांगेल. त्याच्या मोजण्यात चूक नसेल. मोजण्यासाठी दिलेली वस्तूच बदललेली असेल.

यास्तव संपादनाच्या दृष्टीने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. गाताना आलेली संबोधने आणि पुनरावृत्ती मूळ पाठात राखावी. लांबलेला स्वर अवग्रहाने दाखवावा. विसाव्याची जागा दंडाने दाखवावी. ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तेथे एका फेऱ्यात किती अक्षरे सामावली हे नोंदवावे. एकच ओवी दोन गळ्यांवर मिळाली, तर दोन्ही पाठ द्यावेत आणि त्यांतील एकाला ‘शुद्ध’ ठरवू नये.

७. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लवचीकपणा हेच लक्षण मानले तर कोणतेही गद्य ओवी ठरेल. या आक्षेपात तथ्य नाही. यमकाची जागा ठरलेली आहे, विसाव्याची जागा ठरलेली आहे आणि फेरा तर हाताच्या गतीने ठरतो. एका फेऱ्यात मावेल इतकेच शब्द मावतात. मर्यादा आहे, ती अक्षरांच्या संख्येत सांगता येत नाही, इतकेच. शीग लावलेल्या मापालाही मर्यादा असते. धान्याची रास ओघळू लागली, की माप संपले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकगीताला वेगळे माप लावणे म्हणजे त्याला सवलत देणे, आणि सवलत ही उपेक्षेचीच दुसरी बाजू होय, असे म्हणता येईल. या आक्षेपातील सावधगिरी स्वीकारार्ह आहे. सर्वच ओव्या सारख्या सिद्ध नसतात. काहींत यमक ओढून आणलेले असते, काहींत पहिली ओळ केवळ दुसरीपर्यंत पोहोचण्यासाठी येते आणि काही पाठ ऐकण्याच्या वा लिहिण्याच्या चुकीने खरोखरच मोडलेले असतात. हे भेद समीक्षेने स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. परंतु ते सांगण्यासाठी ओवीचे स्वतःचे माप हाती हवे. आर्येच्या मापाने ओवी मोजली तर चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओव्या सारख्याच सदोष ठरतात आणि निवड करणे अशक्य होते. योग्य मापाचा आग्रह हा सवलतीचा नव्हे, कठोर समीक्षेचाच आग्रह आहे.

माधव जूलियन यांच्या उपपत्तीविषयीही येथे तारतम्य राखले पाहिजे. प्रत्येक अक्षर समान मानण्याची त्यांची दृष्टी ‘दळण’ आणि ‘जाते गं’ यांची बरोबरी नेमकी दाखवते. तेथवर ती सर्वथा उपकारक आहे. परंतु अक्षरसंख्याच बदलते तेव्हा ती अपुरी पडते, कारण तिचा आधार मुख्यतः लिखित पद्य होता. ना. ग. जोशी यांचा लयविचार तेथून पुढची वाट दाखवतो. जात्यावरच्या ओवीच्या बाबतीत आवर्तन म्हणजे काय, याचे उत्तर पुस्तकात नव्हे, तर दगडाच्या फेऱ्यात मिळते, एवढी भर त्यात घालावी लागेल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. (१) ‘मात्रा’ ही संज्ञा मुळात उच्चाराच्या काळाची वाचक असून लिखित अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाशी तिचे समीकरण हा नंतरचा अर्थसंकोच आहे. (२) संगीताच्या क्षेत्रात मूळ कालवाचक अर्थ मराठीत आजही जिवंत आहे, म्हणून तो छंदोविचारात परत आणणे ही कृत्रिम कल्पना ठरत नाही. (३) आंदर मावळ आणि परिसरातील जात्यावरच्या ओवीचे माप फेरा, श्वास आणि गळा यांच्या मेळातून ठरते. तिच्या ओळींतील अक्षरांचे कमी-अधिक होणे हा दोष नसून त्या मापाचा परिणाम आहे. (४) ‘गं’, ‘बाई’ यांसारखे शब्द रचनेचे घटक आहेत. ते गाळणारे संपादन रचना मोडते.

औषधाची मात्रा लागू पडायची, तर रोग आणि रोगी दोन्ही ओळखावे लागतात, हे वैद्य जाणतो. समीक्षेची मात्रादेखील त्याच जाणिवेने दिली पाहिजे. पहाटेच्या अंधारात दोन दगडांमधून पीठ काढणाऱ्या आणि त्याच ओघात ओळ जुळवणाऱ्या स्त्रीला माप ठाऊक होते. ते तिच्या हाताला ठाऊक होते. मराठी छंदोविचाराने ते माप समजून घेतले, तर ओवीइतकाच लाभ त्या विचारालाही होईल.